तलाव वाचवा म्हणणाऱ्यांनो, आधी काठ कुणाचा ते सांगा!



"तुम्ही आंबेडकरी चळवळीतली माणसं, तुम्हाला तलावाचं काय पडलंय?" हा प्रश्न आम्हाला दोन्हीकडून विचारला गेला आहे. सकाळी महागडे बूट घालून अंबाझरीच्या बांधावर फिरायला येणारे सद्गृहस्थ तो आश्चर्याने विचारतात. त्यांच्या मते पर्यावरण हा त्यांचा प्रांत, आणि आमचा प्रांत म्हणजे आरक्षण, मोर्चे आणि चौदा एप्रिल. आपल्याच चळवळीतले जुने कार्यकर्ते तो रागाने विचारतात. "पोट्टेहो, शिष्यवृत्त्या अडकल्या, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले पडून आहेत, कंत्राटीकरणानं नोकऱ्या संपल्या, अन् तुम्ही तलावातली जलकुंभी काढत बसले?" पहिल्यांच्या आश्चर्याची आम्हाला फारशी फिकीर नाही. दुसऱ्यांचा राग मात्र न्याय्य आहे आणि त्याला उत्तर देणे लागते. ते थोडक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही म्हणजे पश्चिम नागपुरातल्या एका विहारात दर रविवारी बसणारा अभ्यासवर्ग. त्यात कॉलेजची मुले-मुली आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक ऑटोचालक आहे, घरकाम करणाऱ्या दोन मावश्या आहेत, आणि आमच्यासारखे समाजशास्त्रात एम.ए. करून वस्त्यांमध्ये सामाजिक काम करणारे दोघे-तिघे. अंबाझरी आणि फुटाळा हे दोन्ही तलाव आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारी पांढराबोडी नावाची वस्ती आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बोडी म्हणजे लहान तलाव. आता तिथे घरे आहेत, गल्ल्या आहेत, नाल्या आहेत. बोडी फक्त नावात उरली आहे. लेंडी तलाव, नाईक तलाव यांचेही आक्रसत आक्रसत काय झाले ते जाऊन पाहावे. तलाव संपतो तेव्हा कुणी तेराव्याला बोलावत नाही. तो असाच हळूहळू पत्त्यापुरता शिल्लक राहतो.

अंबाझरी १८७० च्या सुमाराचा, शहराला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. पुढे ते पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही आणि तलाव फिरायचा, बसायचा, भुट्टा खायचा झाला. त्याखाली उद्यान झाले. आज नागपूरकर त्याला रिक्रिएशनची जागा म्हणून ओळखतात. पण अंबाझरीची आणखी एक ओळख आपल्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. लाव्याच्या टेकड्यांकडून उतरणारे पाणी या तलावात साठते आणि सांडव्यावरून, म्हणजे आपण ज्याला ओव्हरफ्लो पॉइंट म्हणतो तिथून, पुढे नाग नदी म्हणून शहरात शिरते. १९५६ च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडले ते सांगितले होते. नाग लोकांची ही भूमी, त्यांच्यावरून शहराचे नाव, आणि शहरातून वाहते तीही नाग नदी. ते भाषण आपण दरवर्षी वाचतो, त्याच्या पुस्तिका वाटतो. ती नदी मात्र आपण नाला समजून ओलांडतो. पूल ओलांडताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांत आपणही असतो, हे कुणी नाकारू नये.

या नदीने २०२३ साली आपली आठवण करून दिली. २२ सप्टेंबरच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि २३ च्या पहाटे अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटपासून सीताबर्डीच्या मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणीच पाणी झाले. माणसे गेली. सैन्य बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बुडालेल्या गाड्यांचे फोटो होते, आणि त्या गाड्यांच्या मालकांनी रीतसर न्यायालयाचे दार ठोठावले. चांगले केले. ओव्हरफ्लो पॉइंटसमोर पुतळ्यासाठी बांधलेला चौथरा पाण्याला अडथळा होतो की नाही, बांध किती सुरक्षित आहे, नदीचे पात्र कुणी अरुंद केले, हे प्रश्न त्यांच्या याचिकेमुळेच नागपूर खंडपीठापुढे आले. पण त्याच रात्री नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत जे झाले त्याचा फोटो कुठे होता? आमच्या अभ्यासवर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "त्याहीच्या घरात पाणी शिरलं तं बातमी झाली बाप्पा. आमच्या घरात तं दरसाल शिरते." पंचनाम्याला आलेल्या माणसाने त्यांच्याकडे घराचा पुरावा मागितला. कागद जिथे ठेवले होते ती लोखंडी पेटीच पाण्यात होती. त्या पेटीत त्यांच्या मुलीचा जातीचा दाखला होता. तो पुन्हा काढायला काय काय करावे लागते हे या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

तर आम्हाला तलावाचे काय पडलेय, याचे पहिले उत्तर हे. तलाव गाळाने भरला, बांध कमकुवत झाला, नदीचे पात्र दाबले गेले, तर आधी आपली वस्ती बुडते. तलाव आणि जातीचा दाखला हे दोन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी ती पेटी आठवावी.

पुरानंतर आम्ही तलावावर जायला लागलो. सुरुवातीला इतर गट करतात तेच केले. पोती घेतली, हातमोजे घेतले, काठावरचा कचरा उचलला. थर्माकोलच्या प्लेटा, दारूच्या बाटल्या, निर्माल्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, फुटक्या तसबिरी. (देव जुना झाला की त्याला तलावात सोडायचा आणि तलाव घाण झाला म्हणून झोपडपट्टीला शिव्या द्यायच्या, हे शहाणपण कुठल्या ग्रंथात आहे आम्हाला माहीत नाही.) काही रविवार असे गेल्यावर आमच्या लक्षात आले की तलावाची खरी साफसफाई वेगळेच लोक करत आहेत. कंत्राटदाराने आणलेले मजूर छातीइतक्या पाण्यात उतरून जलकुंभी ओढून काढत होते. पायात बूट नाही, अंगात लाइफ जॅकेट नाही, आणि ज्या पाण्यात ते उभे होते त्यात वाडी-हिंगण्याकडच्या वस्त्यांचे सांडपाणी मिसळलेले. आम्ही त्यांच्यापैकी काहींशी बोललो. कोण होते ते? आडनावे सांगत नाही. तुम्ही ओळखलीच असतील. त्याच सकाळी बांधावर एका स्वच्छता गटाचे फोटोसेशन चालले होते. एकसारखे टी-शर्ट, हातात नवे कोरे झाडू. फोटो झाल्यावर झाडू गाडीत गेले, आणि गोळा केलेली पोती उचलून नेण्यासाठी महापालिकेच्या सफाई कामगारांना फोन झाला.

आम्ही स्वच्छता गटांची टिंगल करत नाही. त्यातली काही माणसे खरोखर जीव तोडून काम करतात. प्रश्न असा आहे की घाण काढण्याचे काम जातीने वाटून दिलेल्या देशात 'श्रमदान' हा शब्द कुणाला शोभतो? ज्याचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या फुकट घेतले गेले त्याने पुन्हा दान करावे काय? म्हणून आम्ही आमच्या पद्धतीत एक बदल केला. कचरा उचलण्यापेक्षा कचऱ्याची वही लिहायला घेतली. काय सापडले, कुठे सापडले, कुठून आले. नाल्याचे तोंड कुठे आहे, पाणी कोणत्या वेळी काळे येते, कोणत्या वेळी फेसाळ येते. मुलांना आधी कंटाळा आला. मग विज्ञान शाखेतल्या एका मुलीने सांगितले की सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच जलकुंभीचे खत आहे, ती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते, तिचे आच्छादन झाले की खाली उजेड जात नाही, ती कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, आणि म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात, कारण रात्रभर वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, फक्त वापरतात. हे ऐकल्यावर वहीला अर्थ आला. सांडपाणी आत येतच राहिले तर जलकुंभी दरवर्षी उगवणार, दरवर्षी कंत्राट निघणार, आणि दरवर्षी तेच मजूर छातीइतक्या पाण्यात उतरणार. ही साफसफाई संपू नये अशीच तिची रचना आहे. मेलेल्या माशांची किंमत मोजतो तो ढिवर समाजाचा मासेमार. त्याचे नाव कुठल्याही तलाव-बचाव समितीच्या यादीत आम्हाला आढळले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सकाळी फिरणाऱ्यांच्या एका गटाने एक निवेदन तयार केले आणि मोठ्या मनाने आमच्याकडेही सहीसाठी पाठवले. निवेदनात तलावाच्या संरक्षणाच्या मागण्या होत्या. काठाला पूर्ण कुंपण घालावे. एकच फाटक ठेवावे. प्रवेशाला नाममात्र तिकीट लावावे, फिरायला येणाऱ्यांना मासिक पास द्यावा. फेरीवाले हटवावेत. "असामाजिक तत्त्वांना" मज्जाव करावा. शेवटी, परिसराचे सौंदर्यीकरण करावे.

विहारात त्यावर चर्चा ठेवली तेव्हा आम्हाला वाटले होते की दहा मिनिटांत निकाल लागेल. तसे झाले नाही. बी.ए.ला असलेली एक मुलगी उठून म्हणाली, "तुम्ही सगळे फाटकाच्या विरोधात बोलाल हे मला माहीत आहे. पण संध्याकाळी सहानंतर मी त्या बांधावरून एकटी चालू शकत नाही. दारू पिऊन बसलेली पोरं काय काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही. मला फाटक चालेल." सभा गप्प झाली. मग बांधाच्या टोकाला भुट्टे आणि उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या ताई बोलल्या. "फाटक लागलं का माह्या टोपल्याले आत कोण येऊ देईल बाई? अन् मी तिथं बसतो म्हणून तं त्या कोपऱ्यात पोट्ट्या बसू शकते. मी उठून गेली का तो कोपरा दारूवाल्याहीचा."

ही चर्चा दोन रविवार चालली. आम्ही बसून दोन्ही म्हणणी तपासली आणि आमच्या असे लक्षात आले की मुलीला हवा होता तो दिवा, माणसांची वर्दळ, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि पोलिसांची गस्त. यातले काहीच निवेदनात नव्हते. निवेदनात फक्त कोण नको आहे याची यादी होती. 'असामाजिक तत्त्व' हा शब्द मोठा सोयीचा आहे. बाकावर झोपलेला मजूर, गळ टाकून बसलेला पोरगा, घरात जागा नाही म्हणून तलावावर अभ्यास करणारा विद्यार्थी, एकमेकांशी बोलायला दुसरी जागा नसलेले तरुण जोडपे, हे सगळे त्यात बसवता येतात. अमिता बाविस्कर यांनी दिल्लीच्या संदर्भात याला बुर्झ्वा पर्यावरणवाद म्हटले आहे. स्वच्छता, सुरक्षितता, सौंदर्य या शब्दांच्या आडून शहरातला सुखवस्तू वर्ग गरिबाला सार्वजनिक जागेबाहेर काढतो. आम्ही एम.ए.ला हे परीक्षेपुरते वाचले होते. समाजशास्त्र असे सहीच्या कागदावर समोर येईल असे वाटले नव्हते.

फेरीवाल्यांना असे परस्पर हटवता येत नाही, २०१४ चा कायदा त्यासाठी आहे, हे आम्ही त्या गटाला सांगितले. उत्तर आले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. तिकीट काय जात विचारतं का?"

बरोबर आहे, तिकीट जात विचारत नाही. त्याची त्याला गरज नाही. इथे महाडचा इतिहास नीट वाचला पाहिजे, कारण आपण तो फार थोडा वाचतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण त्याआधीच कागदावर हक्क मिळालेला होता. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले होते. तरी कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हते. आणि सत्याग्रहानंतर सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा दाखल केला तेव्हा त्यांचा युक्तिवाद काय होता? हे तळे सार्वजनिक नाही, हा. अनादी काळापासून ते आमच्या वहिवाटीचे आहे, हा. तळे जेमतेम चार-पाच एकरांचे. सभोवती रस्ता, रस्त्यापलीकडे बहुतेक सवर्णांची घरे, आणि काठावरच्या काही पट्ट्या व घाट त्या घरमालकांच्या ताब्यात. पाणी गावाचे आणि काठ त्यांचा! हा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला तोसुद्धा एवढ्याच मुद्द्यावर, की तळे नगरपालिकेचे आहे आणि वादी सांगतात ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही.

या खटल्यातून आम्ही एवढे घेतले की तलाव पळवायचा असेल तर त्याचे पाणी पळवावे लागत नाही. काठ ताब्यात घेतला की पुरते. महाडमध्ये काठ जातीच्या नावाने ताब्यात होता. संविधान आले आणि ते नाव उघड घेता येईनासे झाले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांचा मुद्दाम उल्लेख आहे. तलाव आणि घाट हे शब्द तिथे आहेत त्यामागे महाड आहे, असे आम्ही मानतो. पण त्या खंडात बंदी आहे ती धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवण्याला. खिसा त्यात नाही. त्यामुळे आज काठ ताब्यात घ्यायचा तर फूड कोर्ट लागते, पास लागतो, सुरक्षारक्षक लागतो. माणसे तीच बाहेर राहतात आणि संविधानाचा भंगही होत नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर अंबाझरीच्या उद्यानाकडे बघा. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. आपल्या किती पिढ्यांचे कार्यक्रम त्या भवनात झाले ते सांगायला आपली म्हातारी माणसे अजून आहेत. पर्यटन प्रकल्पासाठी ती जागा खाजगी विकासकाकडे गेली आणि २०२१ साली, टाळेबंदीत माणसे घरात कोंडलेली असताना, भवन पाडले गेले. २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या आयाबहिणी तिथे धरण्याला बसल्या, उन्हात बसल्या, पावसात बसल्या. आपण त्या आंदोलनाला स्मारकाचे आंदोलन म्हणतो आणि ते तसे आहेच. पण ते तलावाच्या काठाचेही आंदोलन होते, हे चळवळीने पुरेसे मांडले नाही असे आमचे मत आहे. सार्वजनिक उद्यान, सार्वजनिक तलाव आणि सार्वजनिक भवन एकाच झटक्यात करमणुकीच्या व्यवसायाची जमीन होते, आणि त्या दुकानात पहिला अडथळा ठरतो तो बाबासाहेबांच्या नावाचा सभागृह. त्या धरण्यावरच्या बायकांइतके अंबाझरीचे रक्षण कुणी केले? पण शहरातल्या पर्यावरणाच्या पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव येणार नाही.

फुटाळ्याची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक शिकवणारी आहे. फुटाळा भोसलेकालीन, तेलंगखेडीचा जुना तलाव. तिथे संगीत कारंजे आले, काठावर प्रेक्षक गॅलरी उभी राहिली. शहरातल्या एका संस्थेने न्यायालयात धाव घेतली. म्हणणे असे की ही पाणथळ जागा आहे, इथे बांधकाम चालणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने सांगितले की फुटाळा मानवनिर्मित असल्याने तो नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा ठरत नाही. आपले काही मित्र यावर फार भावुक झाले. कुणी म्हणे निकाल आपल्या माणसाचा आहे, बोलू नका. कुणी म्हणे आपल्या माणसाने असे कसे केले. दोन्ही बोलणी आम्हाला पटत नाहीत. निकाल वाचायचा असतो. न्यायाधीशाचे आडनाव वाचून भागत नाही.

आणि वाचला तर त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली अडचणीची. २०१७ च्या पाणथळ नियमांनीच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी आणि मनोरंजनासाठी माणसाने बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे विदर्भातले मालगुजारी तलाव असोत की शहरांतले फिरायचे तलाव, लोकांनी बांधले, लोकांनी वापरले, म्हणून त्यांना या नियमांचे छत्र नाही. ही पळवाट दिल्लीत नियम लिहिताना ठेवली गेली, तिच्याविरुद्ध बोलायला तेव्हा आपल्यातले कोण होते? दुसरी गोष्ट कामाची. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व, जे १९९६ साली बियास नदीच्या काठावरच्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले, ते मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होते असे याच निकालाने म्हटले आहे. याचा साध्या भाषेत अर्थ असा की सरकार तलावाचे मालक नाही, विश्वस्त आहे. आणि ज्यांच्या वतीने ते विश्वस्त आहे त्यात भुट्टे विकणाऱ्या ताई आल्या, गळ टाकणारा पोरगाही आला. अंबाझरीसाठी भांडायचे हत्यार हे आहे. तलाव 'नैसर्गिक' आहे की नाही या वादात आपण पडूच नये. चवदार तळेही निसर्गाने अर्धे आणि माणसाने अर्धे घडवलेले होते. प्रश्न ते सार्वजनिक आहे का, हाच होता.

न्यायालयात काहीच होत नाही असेही नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक करायला घेतला होता. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी याचिका केली आणि ६ मे २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प बेकायदा ठरवून टाकलेला भराव काढायला सांगितले. सायकल ट्रॅक ऐकायला किती हिरवा वाटतो! आमच्या मुलांना हे उदाहरण आवडले. याचिका करणारे आपल्याच वयाचे विद्यार्थी होते, हे त्यांना जास्त महत्त्वाचे वाटले.

जुन्या कार्यकर्त्यांना अजून एक सांगायचे आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, तलाव कसे जिवंत केले ते जाऊन पाहा. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने त्यांनी तलावातली बेशरम उपटली, तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ज्ञान त्यांच्याकडेच होते. कोणत्याही विद्यापीठात नव्हते. मासे परत आले, पक्षी आले, आणि ज्या बायका ग्रामसभेत मागे बसत त्या तलावाच्या लिलावावर बोलू लागल्या. तिथे संवर्धन आणि पोट वेगळे नव्हते. आणि धम्माचे म्हणाल तर सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा नाकारून बाबासाहेबांनी त्या जागी काय मांडले? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा. शिवाय व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांवर त्यांनी केलेले काम आहेच. पाणी हा विषय त्यांनी कधी परका मानला नाही, आपण कधीपासून मानू लागलो?

तर आम्ही त्या निवेदनावर सही केली नाही. आमचे वेगळे निवेदन तयार केले. त्यात सगळ्यात वर सांडपाणी आहे: तलावात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचे तोंड, ठिकाण आणि आमच्या वहीतल्या नोंदींसह. त्याखाली मजुरांना बूट, जॅकेट आणि किमान वेतन. मग बांधावर दिवे, बायकांसाठी स्वच्छतागृह, संध्याकाळची गस्त. फेरीवाल्यांना ओळखपत्र आणि बसायची ठरलेली जागा, कचऱ्याची जबाबदारी त्यांच्यासह. तलावाच्या कोणत्याही समितीत ढिवर मासेमार, नदीकाठच्या वस्त्या आणि सफाई कामगार यांचे प्रतिनिधी. काठावर कुठेही प्रवेशशुल्क नको. फाटक मागणारी ती मुलगी या निवेदनाची पहिली सही करणारी आहे. "दिवे लागले नाहीत तर मी फाटक पुन्हा मागेन" असे तिने सभेत बजावूनही ठेवले आहे. आम्हाला हे बरे वाटले.

निवेदन ज्या कार्यालयात दिले तिथल्या साहेबांनी ते वाचून विचारले, "तुम्ही नेमके कोणत्या संघटनेचे? पर्यावरणवाले की समाजवाले?" आवक-जावक क्रमांकाचा शिक्का मात्र आम्ही मारून घेतला. उत्तर अजून आलेले नाही. फिरणाऱ्यांच्या गटातले दोघे निवृत्त शिक्षक नंतर आमच्याकडे आले, त्यांनी कुंपणाचा मुद्दा सोडून दिला आणि नाल्यांच्या नोंदी मागितल्या. त्या आम्ही दिल्या. बाकीच्यांशी बोलणे चालू आहे.

सध्या आम्ही काठ मोजतो आहोत. म्हणजे वही घेऊन तलावाला पूर्ण फेरी मारायची आणि लिहायचे: काठाचा कोणता भाग खुला आहे, कुठे भिंत आहे, कुठे पत्रे ठोकले आहेत, कुठे तिकीट आहे, कुठे रखवालदार कुणाला हटकतो आणि कुणाला नाही. हा नकाशा झाला की माहितीच्या अधिकारात प्रत्येक बंद तुकड्यासाठी वेगळा अर्ज जाईल: कोणत्या ठरावाने बंद केला, कुणाला दिला, किती वर्षांसाठी. अंबाझरीचा अर्धा काठ झाला आहे. फुटाळ्याला अजून हात लावलेला नाही. तिथे गॅलरीच्या बाजूने सुरुवात करायची की बागेच्या, यावर मतभेद आहेत. आपापल्या गावात, शहरात जो तलाव असेल त्याचा काठ असाच मोजता येईल. एक वही, एक मोबाइल आणि तीन-चार माणसे पुरतात, पण त्यात एक तरी बाई आणि एक तरी काठावर पोट असलेला माणूस असू द्या, नाहीतर बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर सकाळी सात वाजता ओव्हरफ्लो पॉइंटपासून उरलेल्या अर्ध्या काठाला निघायचे आहे. पायात जुने बूट घाला, पलीकडच्या बाजूला चिखल आहे.

जय भीम!